जुन्या जीपची फुसफुस : आवाज लहान, धोका मोठा

जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी पहाटे उभे राहावे. दुधाचे कॅन भरून एखादी जुनी जीप चालू होते आणि पहिली दोन-तीन मिनिटे तिच्या बॉनेटखालून 'टक-टक-टक' असा कोरडा आवाज येतो. गाडी तापली की आवाज कमी होतो, कधी बंदही पडतो. मालक म्हणतो, "काही नाही, टॅपेट वाजतंय. तापली की गप बसते." आणि गाडी रस्त्याला लागते.

बहुतेक वेळा हा आवाज टॅपेटचा नसतो. इंजिनातला जळका वायू सायलेन्सरपर्यंत न जाता मध्येच, मॅनिफोल्डच्या सांध्यातून बाहेर फुसफुसत असतो. दुखणे तसे छोटे आहे, वेळीच हात घातला तर एका पॅकिंगवर भागते. पण दोन प्रकारे ते मोठे होते. एक म्हणजे दुर्लक्ष केल्याने, आणि दुसरे म्हणजे घाईघाईत चुकीचा पाना लावल्याने. जुन्या जीपमालकांनी दोन्ही टाळावे म्हणून हा लेख.

जीप गावात कशी आली

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलिस जीप १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली. हे काम करणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' या नावाने सुरू झाली होती. १९४८ साली तिचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या, तेव्हा साहेबाच्या दौऱ्याची खूण म्हणजे धुरळा उडवत येणारी जीपच होती. खात्याने लिलावात काढलेल्या अशा जीपगाड्या शेतकऱ्यांनी घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि त्यातल्या कित्येक अजून चालत आहेत.

आपल्याकडे सर्वांत जास्त ओळखीची ती उंच बॉनेटची जीप, म्हणजे सीजे-३बी. १९५३ साली अमेरिकेत विलिस कंपनीने आणलेले हे मॉडेल महिंद्राने आपल्याकडे अनेक वर्षे बनवले. बॉनेट उंच होण्याचे कारण इंजिनातच आहे. 'हरिकेन' नावाचे हे चार सिलिंडरचे सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आहे. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्यावरचे झाकणही उंच करावे लागले.

ही रचना दुरुस्तीच्या दृष्टीने लक्षात ठेवावी. पुष्कळ गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला बसवलेला असतो. स्टड तुटला तर हेड काढून वर्कशॉपला नेता येते. हरिकेन इंजिनात मॅनिफोल्ड थेट ब्लॉकला बसतो. स्टड तुटला तर तो ब्लॉकमध्ये तुटतो, आणि ब्लॉक काही पिशवीत घालून तालुक्याला नेता येत नाही. म्हणून पहिला नट सोडवण्याआधीच विचार करावा लागतो.

मॅनिफोल्ड गळतो का

मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून एका पाइपात सोडणारा बिडाचा भाग. इंजिनावर भर ओझे असताना त्यातून जाणारा वायू ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. लोखंड तापले की लांबते, बीडही लांबते. दीड फूट लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलीमीटर लांबतो, आणि थंड झाला की तितकाच आखडतो. ब्लॉक मात्र पाण्याने थंड राहत असल्याने इतका लांबत नाही. म्हणजे दर फेरीला मॅनिफोल्ड ब्लॉकच्या अंगावर थोडा पुढे-मागे सरकतो.

हे सरकणे व्हावे म्हणूनच मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात. भोकात गंज आणि काजळी भरली, किंवा कोणी पान्याला पाइप लावून नट गच्च आवळले, की मॅनिफोल्डला हलायला जागा राहत नाही. मग त्याला वाक येतो, नाहीतर तडा जातो, नाहीतर टोकाचा स्टड तुटतो. टोकाच्या सांध्यांना ताण सर्वांत जास्त, त्यामुळे गळतीची सुरुवातही बहुधा तिथूनच होते.

दुसरे कारण आपल्या रस्त्यांचे. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या चेसिसला पट्टी आणि रबराने टांगलेला असतो. ही टांगणी तुटली की सगळ्या पाइपाचे ओझे मॅनिफोल्डवर लोंबकळते. इंजिनाखालचे रबर बसले असेल तर इंजिन हलते, पाइप अडतो आणि झटका पुन्हा मॅनिफोल्डलाच बसतो. अशा गाडीला नवे पॅकिंग घातले तरी ते फार दिवस टिकत नाही. मालक पॅकिंगला शिव्या देतो. खरा दोष दोन हात मागे तुटलेल्या पट्टीत असतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत.

टॅपेट की गळती?

मिस्त्रीचा कानही इथे फसतो, आणि त्याला कारण आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा जळका वायू सोडतो, आणि प्रत्येक व्हॉल्वही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर इंजिन संथ चालू असेल तर एका सिलिंडरची गळती सेकंदाला पाच वेळा टकटकते आणि एक ढिला टॅपेटही सेकंदाला पाच वेळाच वाजतो. ठेका एकच, म्हणून नुसते ऐकून निकाल देऊ नये. पुढील खुणा पाहाव्यात.

पहिली खूण थंड-गरमची. गळतीचा आवाज थंड इंजिनात मोठा असतो. बीड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज बसतो. त्यामुळे तपासणी सकाळी, पहिल्या स्टार्टलाच करावी. दुपारी गरम गाडी गॅरेजला नेली तर "आता तर काहीच वाजत नाही" असे म्हणून परत यावे लागते.

दुसरी खूण ओझ्याची. चढावर किंवा एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर गळतीची फुसफुस वाढते.

तिसरी खूण प्लगची, आणि ही सर्वांत खात्रीची. इंजिन संथ चालू ठेवून, चांगल्या रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवावी. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर टकटक एकदम मऊ होते, गळती त्याच सिलिंडरच्या सांध्यात आहे. कारण तिथे आता स्फोटच होत नाही. टॅपेट मात्र वायर काढली तरी वाजतच राहतो. वायर हवेत लोंबकळत ठेवू नये. ठिणगी उडते, आणि पेट्रोल जवळच असते.

चौथी खूण डोळ्यांची. सांध्याच्या कडेला ब्लॉकवर काळी किंवा करडी रेघ उमटलेली दिसते. काजळी जिथे, वाट तिथे.

खात्री करायची असेल तर थंड इंजिनावर साबणाच्या पाण्याचा उपाय करावा. सायलेन्सरच्या टोकातून अगदी कमी दाबाने हवा सोडावी आणि सांध्यांवर फेस लावावा. जिथे बुडबुडे येतात तिथे फट आहे. गरम मॅनिफोल्डवर पाणी मात्र कधीही टाकू नये. तापलेले बीड गार पाण्याने तडकते. काही ठिकाणी उदबत्ती किंवा पेटती वात धरून गळती शोधतात. वरच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी आहे, याचे भान ठेवावे आणि तो प्रकार करू नये.

न दिसणारा विषारी वायू

"थोडा धूर गळतो, त्यात काय एवढं? उघडी जीप आहे," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जीप उन्हाळ्यात उघडी असते. पावसाळ्यात आणि थंडीत ताडपत्री बांधून, बाजूचे पडदे सोडून ती खोलीसारखी बंद केलेली असते. आत सात-आठ माणसे, एखादे लहान मूल, मागे दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस. आणि जुन्या जीपच्या तळाच्या पत्र्याला, पेडलच्या भोकांना, वायरीच्या रबरांना किती फटी असतात हे मालकाला ठाऊकच आहे.

पेट्रोल इंजिनाच्या जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. गाडी लागली असे समजून माणसे दुर्लक्ष करतात. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत काढावे, आणि कोणी गुंगीत असेल तर लगेच ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. 'जरा पडू द्या, बरं वाटेल' असे म्हणत घरी थांबवू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्यालाही हाच धोका आहे.

दुसरा धोका आगीचा. सांध्यातून निघणारी गरम फुंकर प्लगच्या वायरी वितळवते. पेट्रोलची नळी तापली की आतले पेट्रोल वाफ होऊन अडते, गाडी चढावर बंद पडते आणि मालक पंप बदलतो. नळीच जुनी होऊन झिरपत असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. खळ्यावर, कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतात अशी गाडी उभी करणे म्हणजे विस्तव घेऊन उभे राहणे.

पाना लावण्याआधी दोन दिवस

आता दुरुस्ती. नट सोडवायला निघालेला माणूस पहिल्याच झटक्यात जोर लावतो आणि 'कट्' असा आवाज येतो. पॅकिंगचे काम तिथे संपते आणि ब्लॉकचे काम सुरू होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे टाळायचे तर घाई सोडावी.

काम सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून, सकाळ-संध्याकाळ, थंड इंजिनावर प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे. तारेच्या ब्रशने स्टडच्या उघड्या आट्यांवरची काजळी आधी साफ करावी, म्हणजे तेल आत उतरते. नटाच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या हादऱ्याने गंज फुटतो. या दोन दिवसांत गाडी चालवू नये. तेल गरम भागावर धुमसते.

कामाच्या दिवशी बॅटरीची वायर काढावी. विलिसच्या जुन्या इंजिनांचे आटे इंची आहेत. त्यांना मिलीमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. इंची मापाचा रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्यावा. नट पाव फेरी सोडावा, पुन्हा थोडा आवळावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. आटे करकरले की थांबावे. नट सुटताना स्टडसकट फिरत असेल तरी घाबरू नये. पूर्ण स्टड बाहेर आला तर उलट बरेच झाले.

एखादा नट मुळीच हलत नसेल तर स्टडशी कुस्ती करू नये, नटाचाच बळी द्यावा. बाजारात नट फोडायचे हत्यार मिळते. ते नसेल तर नटाच्या एका बाजूला आट्यांपर्यंत न पोहोचेल इतका करवतीचा काप घेऊन छिन्नीने नट उकलावा. नट काही रुपयांचा असतो. स्टड वाचला की ब्लॉक वाचला. गॅसने नट तापवूनही सोडवता येतो, पण ते काम सरावाच्या वेल्डरनेच करावे. त्याआधी कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी काढून, नळीचे तोंड बंद करून, सांडलेले तेल पुसून, वाळूची बादली जवळ ठेवावी.

स्टड तुटलाच तर

तुटलेला स्टड ब्लॉकच्या बाहेर थोडा उरला असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज ढिला होतो. लाली गेल्यावर नट हळूहळू मागे-पुढे करत फिरवला की तुकडा निघतो. स्टड ब्लॉकच्या पातळीला तुटला असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारून ड्रिल करावे लागते. ड्रिल तिरके गेले तर मऊ बीड खात जाते आणि आटे बिघडतात. जाड पट्टीला भोक पाडून ती शेजारच्या स्टडांना बसवली, तर ड्रिलला सरळ वाट मिळते. भोकात घालून उलट फिरवायचे 'ईझी-आउट' हे हत्यार जपून वापरावे. ते फार कठीण पोलादाचे असते. ते आत तुटले तर साध्या ड्रिलने निघत नाही.

आटे खराब झाले असतील तर भोक वाढवून जाडा स्टड ठोकण्यापेक्षा हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या नव्या आट्यांची गुंडाळी, बसवून घ्यावी. मूळ मापाचा स्टड त्यात पुन्हा बसतो. काही इंजिनांत स्टडचे भोक आरपार पाण्याच्या जागेत उघडते. स्टड निघताच पाणी आले तर दचकू नये. पाणी उतरवून घ्यावे आणि नवा स्टड बसवताना त्याच्या आट्यांना पाणी न सोडणारे सीलंट लावावे.

सपाटी आणि तडा

मॅनिफोल्ड हातात आला की नुसते पॅकिंग बदलून परत लावू नये. आधी त्याचा बसणारा भाग स्वच्छ करावा. इथे एक सावधगिरी. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर असाध्य रोग होतो. म्हणून जुने पॅकिंग पाण्याने भिजवून, ओले असतानाच खरवडावे. कोरडे घासू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, तोंडाला मास्क बांधावा. खरवड पिशवीत बांधून टाकावी, मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

मग सर्व सांध्यांवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी धरावी आणि खालून फिलर गेज घालून पाहावा. सगळी तोंडे एका पातळीत हवीत. दहा थाऊची, म्हणजे पाव मिलीमीटरची पाती कुठे सरकत असेल तर मॅनिफोल्ड वाकला आहे असे धरून तो जिल्ह्याच्या ठिकाणी मशीनवर तासून घ्यावा. सर्व तोंडे एकाच बसणीत तासायला सांगावे. हाताने कानस मारून 'अंदाजे' सपाट करू नये. वाकडा मॅनिफोल्ड नटांनी ओढून बसवणे म्हणजे आजची गळती बंद करून उद्याचा तडा विकत घेणे होय.

ब्लॉकच्या बाजूचीही सपाटी याच पट्टीने पाहावी. गळती जुनी असेल तर गरम वायूने बीड खाऊन खाच पडलेली असते.

तडा शोधायला मॅनिफोल्ड साफ करून त्यावर पातळ तेल लावावे, कोरडा पुसावा आणि खडूची पूड लावावी. तड्यातले तेल वर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. तडा असेल तर साध्या वेल्डिंग रॉडने टाके मारू नयेत. बीड त्या जागी काचेसारखे कठीण होते आणि टाक्याच्या शेजारीच नव्याने तडकते. तड्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोके पाडून, पूर्ण भाग तापवून, निकेलच्या रॉडने थोडे थोडे वेल्डिंग करावे, आणि नंतर मॅनिफोल्ड चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावा. वेल्डिंगनंतर सपाटी पुन्हा तपासावी. बाहेरून फासायची साधी पुट्टी इतक्या उष्णतेला टिकत नाही. ती जळून गळून पडते आणि खरा तडा आतल्या आत वाढत राहतो.

जोडणी

पॅकिंग आपल्या इंजिनाचेच घ्यावे. आजकाल अॅस्बेस्टॉस नसलेली, ग्रॅफाइटची किंवा पत्र्याची पॅकिंग मिळतात. पुठ्ठा किंवा रबर कापून बनवलेले पॅकिंग इथे चालत नाही. नटांसाठी पितळी नट मिळाले तर उत्तम. पितळ पोलादी स्टडला गंजून चिकटत नाही, पुढच्या खेपेला सहज सुटते. खाली जाड वायसर घालावेत, म्हणजे मॅनिफोल्डला सरकायला वाव राहतो. आट्यांना उष्णता सोसणारे तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे ग्रीस लावावे.

आवळताना मधल्या नटापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जावे. पहिल्या फेरीत नुसते टेकवावे, दुसऱ्या फेरीत अर्धे आवळावे, तिसऱ्या फेरीत पूर्ण. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाहूनच शेवटची फेरी घ्यावी. या विलिस इंजिनांत तो सुमारे ३० ते ३५ फूट-पौंड, म्हणजे लांब पाना न लागणारा, बेताचाच आहे. 'जेवढे घट्ट तेवढे चांगले' हा हिशेब बिडाला लागू नाही.

त्याआधीच्या, आडव्या बॉनेटच्या जीपमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडून ब्लॉकला बसतात. तिथे दोहोंना जोडणारे बोल्ट आधी ढिले ठेवावेत, दोन्ही ब्लॉकला नीट बसू द्यावेत, आणि मगच ते आवळावेत. उलट केले तर दोहोंपैकी एकाचा सांधा कायम फटीत राहतो.

शेवटी खालचा पाइप जोडताना तो ओढून बसवू नये. बोल्ट न लावताही पाइपाचे तोंड मॅनिफोल्डसमोर आपोआप यायला हवे. येत नसेल तर टांगणी आणि इंजिनाचे रबर आधी दुरुस्त करावे. मूळ कारण इथेच असते.

पहिला स्टार्ट उघड्यावर घ्यावा. तेल-ग्रीस जळल्याने काही मिनिटे धूर येतो, तो आपोआप थांबतो. गाडी तापवून पूर्ण थंड होऊ द्यावी आणि नट पुन्हा त्याच टॉर्कने पाहावेत. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहावे. हे शेवटचे काम कंटाळा करून सोडले जाते, आणि महिन्याभरात टकटक परत येते.

कागदपत्रांचाही विचार

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी, गाडी तपासून, नूतनीकरण करून घ्यावे लागते. सोबत पीयूसी लागते. जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. मॅनिफोल्ड गळत असेल तर सांध्यातून बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि सायलेन्सरच्या टोकाला आकडा कमी दिसू शकतो. म्हणजे कागद स्वच्छ आणि गाडी घाण. म्हणून आधी गळती बंद करावी, मग पीयूसीला जावे.

ज्यांची जीप ५० वर्षांपेक्षा जुनी आहे त्यांच्यासाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'विंटेज' वाहनांचे वेगळे नियम केले. त्यात नव्याने नोंदणी करण्याचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठराविक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. दूध वाहणाऱ्या जीपला नेहमीचीच नोंदणी बरी. पण मूळ इंजिन असलेली जुनी जीप ज्याच्याकडे आहे, त्याने मॅनिफोल्ड गळतो एवढ्यावरून इंजिन भंगारात देऊन डिझेल इंजिन बसवण्याची घाई करू नये. एकदा मूळ इंजिन गेले की ती वाट बंद होते.

सरकारी मालकीच्या गाड्यांचे वेगळे आहे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही, आणि त्या मान्यताप्राप्त केंद्रातच मोडीत काढायच्या आहेत. कार्यालयाच्या आवारात जुनी जीप उभी असेल तर तिच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्याआधी ग्रामसेवक, लेखनिक मंडळींनी नोंदणीची तारीख पाहून घ्यावी.

ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावे

हेच सगळे ट्रॅक्टरलाही लागू आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांचे उभे धुराडे थेट मॅनिफोल्डवर बसलेले असते. बांधावरच्या बाभळीची फांदी लागली, की तिचा झटका खालच्या सांध्याला बसतो. धुराडे हलते का हे महिन्यातून एकदा थंड असताना हाताने पाहावे. पावसात उभ्या ट्रॅक्टरच्या धुराड्यावर डबा किंवा झाकण घालावे, नाहीतर पाणी आत उतरून मॅनिफोल्ड आतून गंजतो. चालू करण्याआधी तो डबा काढायला मात्र विसरू नये. टर्बो असलेल्या नव्या ट्रॅक्टरमध्ये टर्बोच्या आधी गळती असेल तर ताकदच कमी होते आणि चालक पंपाला दोष देतो. मळणीच्या दिवसांत सांध्यातून ठिणगी बाहेर पडते का हे अंधारात एकदा पाहून घ्यावे. एका ठिणगीने वर्षाचा कडबा जातो.

सुगी सुरू होण्याआधीचा मोकळा आठवडा या कामाला योग्य. दोन दिवस तेल, एक दिवस सोडवणे आणि तपासणे, एक दिवस जोडणी, आणि थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना. ज्याच्या जीपला पहाटे टकटक ऐकू येते त्याने आज संध्याकाळीच नटांच्या मुळाशी तेल सोडायला सुरुवात करावी.